बंडीला परवाना नव्हता: जनावरांची गाडी, तरुण चालक आणि कायद्याचा लांबचा प्रवास

मंडळी, आजच्या धाग्याचा उगम कोणत्याही दप्तरखान्यात नाही. तो मोर्शीच्या आमच्या अंगणात आहे. मागच्या हिवाळ्यात माझ्या चुलतभावाने बैलजोडी पिकअपमध्ये चढवून तळेगाव दशासरच्या शंकरपटाला न्यायचे ठरवले. वय एकोणीस, खिशात हलक्या वाहनाचा परवाना, तोही आठ महिन्यांचा. काका म्हणाले, "मालवाहू गाडी आहे, वीस वर्षं पूर्ण लागतात." भाऊ म्हणाला, "गाडी आपली, बैल आपले, कोणाचं भाडं घेत नाही. मग वेगळा परवाना कशाचा?" आजोबा खाटेवरून हसले, "आमाले कोन्तं लायसन होतं रे बाप्पा? बारा वर्साचा होतो तवापासून बंडी हाकली म्या."

इतिहासाचा विद्यार्थी घरात असला की असले वाद त्याच्या गळ्यात पडतात. मी पुस्तके उघडली, आणि काही दिवसांनी लक्षात आले की तिघेही बरोबर होते. फक्त प्रत्येक जण वेगवेगळ्या काळातला कायदा बोलत होता.

आरंभ आजोबांपासून करू. वऱ्हाडात बंडी, खासर, रेंगी, दमणी, छकडा ही नुसती वाहनांची नावे नाहीत. त्यांत वाहनाचे काम सांगितलेले असते. ओझ्याची गाडी वेगळी, माणसांची वेगळी, पटाची वेगळी. कापूस गाडीत भरून बाजाराला नेणारा धुरकरी कित्येकदा अजून मिसरूडही न फुटलेला मुलगा असे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढणारे पोर आणि खऱ्या बैलांचा कासरा धरणारे पोर यांच्यात फार वर्षांचे अंतर नसे. कायद्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. त्याला त्यात विचारण्यासारखे काही वाटत नव्हते.

याचा अर्थ रस्त्यावर कायदाच नव्हता असाही नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २७९ सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन हयगयीने वा बेदरकारपणे हाकणाऱ्याला शिक्षा सांगत असे. 'कोणतेही वाहन' यात बैलगाडी येई, आणि त्या कलमात घोड्यावरची रपेटही येई. त्याच संहितेच्या कलम ८२ व ८३ नुसार सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नसे. सात ते बारा या वयात मुलाला आपल्या कृत्याचे स्वरूप व परिणाम कळण्याइतकी समज होती का, हे पाहावे लागे. बारा वर्षांच्या आमच्या आजोबांना परवाना लागत नव्हता. परंतु त्यांची बंडी कुणाच्या अंगावर गेली असती, तर त्यांना जाब विचारण्याची तजवीज कायद्यात होती.

हा भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. दंड संहिता कृत्य घडल्यानंतर विचारते. परवाना कृत्य घडण्याआधीच विचारतो: तू कोण, तुझे वय काय, तुला हे येते का? एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे हा दुसरा प्रश्न विचारला जाऊ लागला. पण सर्वांना नाही, फक्त भाडे घेणाऱ्यांना.

१८६१ चा स्टेज कॅरेज कायदा पाहा. प्रवाशांना भाड्याने दूरवर नेणाऱ्या घोडागाड्यांना त्याने परवाना सक्तीचा केला. दोनच वर्षांनी, १८६३ मध्ये, मुंबई इलाख्यात सार्वजनिक भाडोत्री वाहनांसाठी स्वतंत्र कायदा आला. दोहोंत गृहीत धरलेली गोष्ट एकच आहे: जो पैसे घेऊन परक्याला आपल्या गाडीत बसवतो, त्याच्यावर सरकारची नजर हवी. सावकाराची बग्गी, पाटलाची दमणी, कुणब्याचे खासर यांना कुणी विचारणार नव्हते. माझा भाऊ अंगणात जे बोलला, ते नेमके याच काळातले तत्त्व होते. भाडे नाही, तर परवाना नाही.

येथे एक आडवळण घेतो, कारण या धाग्यावरच्या अनेकांना मराठा लष्कराची आवड आहे. शिलेदार आणि बारगीर हा भेद तुम्हाला माहीत असेलच. स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. सरकारच्या किंवा सरदाराच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. 'जनावर कुणाचे?' या एका प्रश्नावर माणसाचा दर्जा, पगार आणि स्वातंत्र्य ठरत असे. मालकीचा हा जुना अभिमान आपल्या बोलण्यात अजून टिकून आहे. 'गाडी आपली, बैल आपले' म्हणताना माझा भाऊ नकळत शिलेदाराच्या भाषेत बोलत होता. मोटारीच्या कायद्याने मात्र या अभिमानाची फारशी पत्रास ठेवली नाही.

मोटार आली आणि भाड्याची कसोटी मोडली. यंत्राने अंगावर घातलेली गाडी खासगी आहे की भाड्याची, याने चिरडल्या गेलेल्याला काही फरक पडत नाही. इंग्लंडमध्ये १९०३ च्या मोटार कार कायद्याने चालकाला परवाना घ्यायला लावला; गंमत म्हणजे त्यासाठी परीक्षा नव्हती, शुल्क भरले की कागद मिळे. मोटारीसाठी सतरा वर्षे वयाची अट मात्र होती. हिंदुस्थानात १९१४ चा मोटार वाहन कायदा आला आणि नोंदणी व चालक परवाना यांचे नियम करण्याचे काम प्रांतिक सरकारांकडे गेले.

पण आपण वऱ्हाडात आहोत, आणि येथे काहीच सरळ नसते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. १९०२ च्या कराराने ते कायमच्या पट्ट्याने गेले. १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. तरीही कागदोपत्री सार्वभौमत्व निजामाचेच होते, म्हणजे वऱ्हाड तांत्रिक अर्थाने 'ब्रिटिश इंडिया' नव्हते. परिणामी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी केलेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे. तो अधिसूचनेद्वारे लावावा लागे. १९३५ च्या कायद्यानंतर मध्य प्रांत व वऱ्हाड हा एकच प्रांत असल्याप्रमाणे कारभार चालू लागला, आणि १९३६ च्या करारानंतर निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. मोर्शीच्या रस्त्यावर मोटार हाकणारा माणूस एका राजाच्या नाममात्र प्रजेचा आणि दुसऱ्याच्या प्रत्यक्ष कायद्याचा विषय होता. असो, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

आपल्या कथेतला खरा टप्पा १९३९ चा. त्या वर्षी १ जुलैला नवा मोटार वाहन कायदा अमलात आला, आणि त्याच्या आधारे १९४० मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे मोटार वाहन नियम झाले. काकांचे वाक्य या कायद्यातले आहे. त्याने दोन पायऱ्या घातल्या: सार्वजनिक ठिकाणी मोटार चालवायला अठरा वर्षे, आणि ट्रान्सपोर्ट वाहन, म्हणजे प्रवासी किंवा माल वाहणारे वाहन, चालवायला वीस वर्षे. शिवाय पगारी चालक म्हणून गाडी हाकायची असेल किंवा ट्रान्सपोर्ट वाहन हाकायचे असेल, तर परवान्यावर तसा स्पष्ट उल्लेख हवा. शिलेदार-बारगीर भेद येथे पुन्हा डोके वर काढतो: स्वतःची मोटार चालवणारा वेगळा, दुसऱ्याची पगारावर चालवणारा वेगळा.

मग भावाचा युक्तिवाद येथे चालला असता का? थोडासा. १९३९ च्या कायद्यात 'प्रायव्हेट कॅरियर' नावाचा एक वर्ग होता: स्वतःच्या मालकीचा किंवा स्वतःच्या धंद्याला लागणारा माल स्वतःच्या गाडीतून नेणारा मालक. भाड्याने माल वाहणारा 'पब्लिक कॅरियर' त्याहून निराळा. जुन्या ट्रकांवर रंगवलेली ही अक्षरे तुमच्यापैकी कुणी जुन्या चित्रपटांत पाहिली असतील. पण हा भेद गाडीच्या परमिटापुरता होता. चालकाच्या वयाची अट दोघांना सारखीच. माल आपला असो की परका, वीस म्हणजे वीस.

आणि आता तो शब्द, ज्यासाठी मी हा धागा लिहायला घेतला. 'माल' म्हणजे काय? १९३९ च्या कायद्याच्या व्याख्येत मालात पशुधनाचा समावेश आहे, आणि १९८८ च्या कायद्याने ती व्याख्या तशीच पुढे चालवली: माल म्हणजे पशुधन आणि वाहनातून नेली जाणारी, जिवंत माणसे सोडून, जवळपास कोणतीही वस्तू. मोटारीतले प्रवाशांचे वैयक्तिक सामान तेवढे वगळले आहे. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावतो, ज्याला नावाने हाक मारतो, ज्याच्या खांद्याला आदल्या दिवशी हळद-लोणी लावतो, तो गाडीत चढला की कायद्याच्या लेखी माल. सारंगखेड्याच्या यात्रेत लाखांनी बोली लागलेला घोडाही मालच. म्हणून जनावरे नेणारी गाडी मालवाहू, मालवाहू गाडी ट्रान्सपोर्ट वाहन, आणि ट्रान्सपोर्ट वाहनाला वीस वर्षे. साखळी एका शब्दापासून सुरू होते.

(हे वाचून संतापू नका. कायद्याला व्याख्या लागते, आणि 'बैल हा घरातला माणूस' ही व्याख्या आरटीओच्या अर्जात बसत नाही.)

१९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याने प्रायव्हेट आणि पब्लिक कॅरियर ही जोडी निकालात काढली आणि सगळ्या मालवाहू गाड्या 'गुड्स कॅरेज' या एका नावाखाली आणल्या. अठरा आणि वीस ही वये राहिली. भर म्हणून आणखी एक अट आली: ट्रान्सपोर्ट वाहनाच्या शिकाऊ परवान्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असला पाहिजे. पुढे नियमांत आठवी उत्तीर्ण असण्याची अटही होती. ती २०१९ मध्ये काढली गेली. या शेवटच्या अटीबद्दल माझे मत सांगतो: ज्या भागात गाडी हाकण्याचे कसब शाळेत न गेलेल्यांच्याच हाती पिढ्यान्पिढ्या होते, तेथे ती अट अन्यायकारकच होती. चिन्हे वाचता येणे वेगळे आणि आठवीची गुणपत्रिका वेगळी.

दरम्यान आणखी एक बदल झाला, ज्याकडे तेव्हा फारसे कुणी पाहिले नसावे. १९९४ च्या दुरुस्तीने परवान्यावरचे मध्यम मालवाहू, अवजड मालवाहू, मध्यम प्रवासी, अवजड प्रवासी हे चार वर्ग एकत्र करून 'ट्रान्सपोर्ट वाहन' हा एकच वर्ग केला, आणि हलक्या मोटार वाहनाची मर्यादा ६,००० किलोंवरून ७,५०० किलोंवर नेली. आता अडचण पाहा. साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी ही एकाच वेळी हलके वाहनही आहे आणि ट्रान्सपोर्ट वाहनही. मग तिच्या चालकाकडे कोणता परवाना हवा?

या प्रश्नावर देशभरात शेकडो अपघात-दावे अडकले. विमा कंपन्या म्हणत, चालकाकडे ट्रान्सपोर्टचा शेरा नव्हता, म्हणून भरपाईचा भार आमच्यावर नाही. अशा प्रकरणांत न्यायालये बऱ्याचदा 'आधी पीडिताला द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश देत. कास्तकाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ आहे: परवान्यावर एक शेरा नाही, म्हणून उद्या वावर विकायची पाळी. काकांचा चेहरा अंगणात गंभीर का होता, ते मला हे वाचताना कळले. त्यांना पोलिसाची भीती नव्हती.

जुलै २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितले की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला त्या वजनाच्या ट्रान्सपोर्ट वाहनासाठी वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. त्यावर शंका उपस्थित झाली, प्रश्न घटनापीठाकडे गेला, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींनी बजाज अलायन्स विरुद्ध रंभा देवी या प्रकरणात तोच निष्कर्ष कायम केला. न्यायमूर्ती हृषीकेश रॉय यांनी लिहिलेल्या या निकालात पुढचे पाऊलही आहे: ट्रान्सपोर्ट वाहनांसाठीच्या जादा पात्रता-अटी ७,५०० किलोंहून अधिक एकूण वजनाच्या गाड्या हाकू इच्छिणाऱ्यांनाच लागू होतील.

म्हणजे आमच्या अंगणातला खटला भावाने जिंकला. पण त्याने मांडलेल्या कारणावरून नव्हे. गाडी आपली आहे, भाडे नाही, या गोष्टींना निकालात काही किंमत नाही. किंमत आहे ती वजनाला. उद्या याच बैलजोडीसाठी त्याने मोठा ट्रक घेतला, तर तो कितीही खासगी असला तरी वीस वर्षे, हलक्या परवान्याचे एक वर्ष आणि ट्रान्सपोर्टचा परवाना, हे सारे आलेच. आणि वजन म्हणजे त्या दिवशी गाडीत काय आहे ते नव्हे. नोंदणी पुस्तकात लिहिलेले, गाडी भरलेली असतानाचे कमाल वजन धरायचे. बैल उतरवून रिकामा परत येणारा ट्रक कायद्याच्या दृष्टीने हलका होत नाही.

येथे थोडे समुद्रापार जाऊ, कारण योगायोग मोठा मौजेचा आहे. इंग्लंडमध्ये घोडेस्वारी करणारी कुटुंबे आपले घोडे स्वतःच्या लॉरीतून स्पर्धांना नेतात. आपल्या पटासारखीच ती एक दुनिया आहे. तेथे १ जानेवारी १९९७ च्या आधी मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला साडेसात टनांपर्यंतची लॉरी त्याच परवान्यावर हाकता येते. त्या तारखेनंतर उत्तीर्ण झालेल्याला साडेतीन टनांपर्यंतच. पुढे साडेसातपर्यंत 'सी १' नावाचा स्वतंत्र परवाना, त्यासाठी वय किमान अठरा आणि वेगळी परीक्षा. म्हणजे एकाच घरात आई मोठी घोडा-लॉरी निर्धास्त हाकते आणि घोड्यावर बसणारी तिची मुलगी ती हाकू शकत नाही. तिकडे साडेसात टनांची सवलत नव्या पिढीकडून काढून घेतली गेली. आपल्याकडे तीच संख्या तीन दशकांनी न्यायालयाच्या निकालातून नव्या पिढीला सवलत म्हणून मिळाली. कुणाचे योग्य, हे मी ठरवणार नाही. पण जिवंत, हलणारे ओझे घेऊन वळण घेणे आणि सिमेंटची पोती घेऊन वळण घेणे यांत फरक आहे, आणि आपला परवाना हा फरक कुठेच विचारत नाही, एवढे मला खटकते.

तो फरक दुसऱ्या कायद्याने विचारला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली १९७८ मध्ये जनावरांच्या वाहतुकीचे नियम झाले. गोवंशासाठी त्यांत सांगितले आहे की एका मालवाहू गाडीत सहाहून अधिक जनावरे नकोत, सोबत दुसरा माल नको, गाडीत एक सांभाळणारा माणूस हवा, आणि जनावरांची तोंडे शक्यतो इंजिनाकडे असावीत म्हणजे ती बिचकणार नाहीत. शेवटचा नियम लिहिणाऱ्याने कधीतरी स्वतः गोऱ्हा गाडीत चढवला असावा, असे मला वाटते. पुढे २०१५ मध्ये मोटार वाहन नियमांतही भर पडली: पशुधनाच्या गाडीत प्रत्येक गाई-म्हशीला किमान २ चौरस मीटर आणि घोड्याला २.२५ चौरस मीटर जागा.

शंकरपटाचा स्वतःचा कालक्रमही या गोष्टीला जोडून पाहावा लागतो. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना परवानगी मिळाली. १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आजोबांच्या काळी पटाची जोडी आदल्या दिवशी निघून चालत जाई, वाटेत ओळखीच्या गावी मुक्काम करी. पट बंद होता त्या वर्षांत आमच्याकडे संत्र्यासाठी पिकअप आली. पट पुन्हा सुरू झाला तेव्हा बैल चालत जायचे विसरले होते, किंवा खरे तर आम्हीच त्यांना चालवत न्यायचे विसरलो होतो. पटावर आता बैलांइतकीच गर्दी एमएच २७ च्या पिकअपांची असते, आणि स्टिअरिंगवर बहुतेक ठिकाणी विशीच्या आतबाहेरचे पोर.

अठराच्या आतले असेल तर मात्र गोष्ट फार वेगळी आहे, आणि वाचकांपैकी काही जण त्या वयाचे असतील म्हणून स्पष्ट लिहितो. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. बापाला आपल्या नकळत हे घडले असे सिद्ध करता आले तर गोष्ट निराळी; पण किल्ली ओट्यावरच्या खिळ्याला टांगलेली असताना ते सिद्ध कसे करणार?

हे सगळे मी अंगणात वाचून दाखवले. काकांनी नोंदणी पुस्तक मागवले, चष्मा लावून एकूण वजनाचा आकडा स्वतः पाहिला आणि मग किल्ली दिली. जोडीची तोंडे इंजिनाकडे करून बांधली. सांभाळणारा माणूस म्हणून कोण जाणार, असा प्रश्न निघाला तेव्हा आजोबा आधीच पायताण घालून फाळक्याशी उभे होते. भाऊ मार्चमध्ये वीस वर्षांचा झाला. परवान्याचे वर्षही भरले आहे. आता तो मोठ्या ट्रकच्या किमती विचारत फिरतो आहे, आणि काका त्या विषयावर अद्याप काही बोलत नाहीत.